टाकीतलं विरजण

पप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना शिडी चढायची, जड उचलायची आणि उन्हात हिंडायची मनाई केली. पप्पा वायरमन. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही देवळाली प्रवऱ्याच्या आसपास कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली की आधी त्यांनाच बोलावणं यायचं. चहासुद्धा उभ्यानं पिणारा हा माणूस आता पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायला लागला. टीव्ही लावला तर बघायचे नाहीत. कुणी भेटायला आलं तर विचारलेल्याचं उत्तर द्यायचे, तेवढंच.

माझा भाऊ पुण्याला नोकरीला असतो. सुट्टीवर आला तेव्हा तो गाडीच्या मागच्या सीटवर काचेची टाकी घालून घेऊन आला. सोबत रंगीत खडे, हवेची मोटार, स्पंजाचा फिल्टर आणि पाणी भरलेल्या पिशव्यांत मासे. एक मोठा नारिंगी गोल्डफिश, एक काळा, डोळे बाहेर आलेला, आणि काही लहान पांढरे. टाकी पप्पांच्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवली. आई म्हणाली, घरात माणसांचं करताना जीव जातो, त्यात आता हे. पण संध्याकाळी पाहिलं तर पप्पांची खुर्ची टाकीच्या जवळ सरकलेली होती.

पहिले काही दिवस छान गेले. मग पाणी दुधाळ झालं. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागले, जणू पाण्यात त्यांचा जीव घुसमटतोय. एका सकाळी एक पांढरा मासा तळाशी आडवा पडलेला दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आईनं सगळं पाणी बदलायला सांगितलं, पप्पांनी बदललं. एक दिवस बरा गेला आणि पुन्हा तेच. मेलेला मासा पप्पा स्वतः जाळीनं काढायचे आणि परसात पेरूच्या झाडाखाली पुरायचे. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा आपणहून उठत होते ते या कामासाठी. मला ते बघवत नव्हतं.

"पानी न्हाई बदललं तरी मरत्यात, बदललं तरी मरत्यात," ते मला म्हणाले. "मोटार असती तर खोलून पाह्यली असती. ह्याचं काय खोलायचं?"

मी गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांना दर वर्षी नायट्रोजनचं चक्र शिकवते. फळ्यावर गोल काढते, बाण काढते, मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत पाच मार्कांना येतं आणि विषय संपतो. माशांबद्दल वाचायला बसले तेव्हा तेच चक्र समोर आलं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि त्याच पाण्यात श्वास घेतो. नदीत, तळ्यात हा अमोनिया खाणारे अतिसूक्ष्म जीव दगडांवर, वाळूवर वस्ती करून असतात. ते अमोनिया खाऊन जे मागे टाकतात तेही विषारीच, पण ते खाणारे दुसरे जीव त्यांच्या शेजारीच राहतात. त्या दुसऱ्यांनी जे उरवलं ते माशाला फारसं बाधत नाही, आणि झाडांना तर हवंच असतं. आमच्या नव्या कोऱ्या टाकीत यातलं कुणीच नव्हतं. पाणी स्वच्छ होतं, पण रिकामं.

ऑनलाइन पाणी तपासायच्या बाटल्या मागवल्या. एका काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे आणि वाट बघायची. पाण्यात अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो. आमची नळी बघता बघता गर्द हिरवी झाली. पप्पा नळी उजेडात धरून बघत बसले. मी त्यांना सगळं समजावलं. ते अदृश्य जीव आपोआप येतात, पण त्यांची वस्ती वाढायला कित्येक आठवडे लागतात आणि या माशांकडे तेवढा वेळ नाही, हेही सांगितलं.

पप्पा म्हणाले, "म्हंजी दूध हाय, पर विरजन न्हाई."

इतक्या वर्षांत मला हा शब्द सुचला नव्हता.

विरजण आणायचं तर दही असलेल्या घरातूनच. जुन्या, चांगल्या चाललेल्या टाकीचा स्पंज हवा होता. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की शिर्डीत एका हॉटेलात शिरल्याबरोबर भिंतभर माशांची टाकी आहे, त्यांच्या लहानपणापासून ती तिथेच आहे. रविवारी चर्चमधून आल्यावर मी बसनं शिर्डीला गेले. बस भाविकांनी भरलेली होती. सगळे दर्शनाला निघालेले आणि मी रिकामी बरणी घेऊन.

हॉटेलचे मालक स्वतःच काउंटरवर होते, चांगले गलेलठ्ठ, हसरे गृहस्थ. मी काय हवंय ते सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ते टाकीजवळ गेले आणि हातातलं घड्याळ काढून बाह्या वर केल्या.

"लोक मला मासे मागतात," ते म्हणाले. "घाण मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

त्यांनी फिल्टरमधून तपकिरी, बुळबुळीत स्पंजाचा एक मोठा तुकडा कापून दिला. त्याला पावसाळ्यातल्या ओल्या मातीसारखा वास होता. वाईट वास नव्हता. बरणीत त्यांच्याच टाकीचं पाणी भरलं, हवा खेळावी म्हणून झाकण सैल ठेवलं. परतीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या आजींनी बरणीकडे बघून प्रसाद आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, माशांसाठी नेतेय. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बरणीला हात लावून नमस्कार केला. आमचा थांबा येईपर्यंत मी ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

पप्पांनी तो स्पंज आमच्या फिल्टरला दोऱ्यानं बांधला. मग रोज संध्याकाळी आम्ही नळी भरायचो. आधी गर्द हिरवी, मग जरा पोपटी. दुधाळपणा विरत गेला. मासे वरून खाली यायला लागले, खड्यांमध्ये तोंड खुपसायला लागले. एका संध्याकाळी थेंब टाकले, थांबलो, आणखी थांबलो, आणि नळी लिंबाच्या सरबतासारखी पिवळीच राहिली. आईसुद्धा स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली. टाकीत काहीच बदललेलं दिसत नव्हतं. तेच खडे, तेच बुडबुडे. पण त्या मळक्या स्पंजात मोजता येणार नाहीत इतके जीव कामाला लागले होते, आणि नारिंगी मासा त्यांच्या जिवावर पोहत होता. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेले ते बाण माझ्या समोर, आमच्या घरात, टेबलावर चालू होते. मी उगाच काचेला हात लावून उभी राहिले.

त्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेत पप्पांनी आजारी नातलगांची, पुण्याच्या मुलाची आठवण केली आणि मग जरा थांबून टाकीतल्या लेकरांसाठीही आभार मानले. आईनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

थंडी वाढली तशी पुढची गोष्ट झाली. सकाळी पप्पांनी मला हाक मारली.

"पोरी, ह्याच्या अंगावर रवा कुनी सांडला?"

नारिंगी माशाच्या शेपटीवर, कल्ल्यांवर पांढरे दाणे होते, अगदी रव्यासारखेच. आईला वाटलं तिच्यावर आळ येतोय, ती म्हणाली मी त्या टाकीच्या वाटेला जात नाही. दोन दिवसांत काळ्या माशाच्या अंगावरही दाणे आले. मासे खड्यांवर अंग घासत होते. मी हॉटेलमालकांना फोन केला. ते खरोखर हळहळले. त्यांच्या टाकीत मागे एकदा हा आजार येऊन गेला होता. त्यांचे मासे त्यातून तावून सुलाखून निघालेले, त्यामुळे त्यांना आता काही होत नव्हतं. बरणीतल्या पाण्यातून ते दाणेही आमच्याकडे आले असणार. विरजणाबरोबर दुसरंही काही आलं होतं.

शनिवारी सकाळी पांढऱ्यांपैकी शेवटचा मासा गेला. पप्पा त्याला पेरूखाली नेणार तेवढ्यात मी त्यांना थांबवलं. शनिवारची शाळा सकाळची असते. मी म्हटलं, शाळा सुटल्यावर रिक्षानं या आणि याला ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. आपण खोलून बघू.

प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. काचपट्टीच्या कडेनं मी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हलकेच खरवडला, थेंबभर पाण्यात ठेवला, सूक्ष्मदर्शक लावून दिला आणि बाजूला झाले. पप्पांनी चष्मा काढला. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. सुरुवातीला त्यांना नुसता उजेड दिसत होता. मी स्क्रू किंचित फिरवला.

"फिरतंय," ते म्हणाले.

त्यांचे हात टेबलाच्या कडेवर होते आणि ते अजिबात हलत नव्हते. त्यांना काय दिसतंय ते मला माहीत होतं, कारण मी आधी बघून घेतलं होतं. एक गोल, करडा गोळा, कडेला बारीक केसांची झालर. ते केस लाटेसारखे हलत होते आणि तो गोळा सावकाश, न थांबता स्वतःभोवती फिरत होता.

"मधी घोड्याचा नाल हाय," ते म्हणाले.

होता. त्या जीवाचं केंद्रक नालाच्या आकाराचं असतं, हीच त्याची ओळख. मी ते पुस्तकात वाचलं होतं. पप्पांनी कुणी न सांगता पाहिलं.

त्यांनी डोळा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा लावला. आमच्या माशांना मारणारं तेच होतं, आणि पप्पा त्याच्याकडे ज्या चेहऱ्यानं बघत होते तो चेहरा मी नाताळच्या सकाळी चर्चमध्ये पाहिलेला आहे. शेवटी ते ताठ उभे राहिले.

"हे बी त्यानंच केलंय," ते म्हणाले. "किती मन लावून केलंय."

रिक्षात बसून घरी येताना मी त्यांना त्या जीवाची सगळी कहाणी सांगितली. तो माशाच्या कातडीखाली शिरतो आणि तिथे खाऊन मोठा होतो. तेव्हा त्याच्यावर कोणतंच औषध चालत नाही. पुरता मोठा झाला की तो मासा सोडतो, तळाला जाऊन स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. ते शेकडो बाहेर पडून नवा मासा शोधत पोहतात. फक्त त्या पोहण्याच्या वेळेतच त्यांना मारता येतं. थंड पाण्यात हे सगळं रेंगाळत चालतं. पाणी ऊबदार केलं की भराभर होतं.

"म्हंजी रोगाला घाई करायची," पप्पा म्हणाले.

या रोगावर दुकानात मिळणारं निळं औषध टाकलं असतं तर स्पंजातलं विरजणही मेलं असतं. म्हणून आम्ही ऊब आणि मीठ यांवर भिस्त ठेवली. आयोडीन नसलेलं खडे मीठ बाजारातून आणलं, टाकीच्याच पाण्यात विरघळवून थोडं थोडं सोडलं. हीटर आला. पप्पांनी तो तसाच पाण्यात सोडू दिला नाही. आधी बादलीत लावून, टेस्टर घेऊन, थर्मामीटर बुडवून तपासला. किती महिन्यांनी त्यांच्या हातात पक्कड आली होती. ऊबदार पाण्यात हवा कमी विरघळते, म्हणून त्यांनी बुडबुड्यांची दुसरी नळी जोडली. तळाशी पडलेली कवचं निघावीत म्हणून रोज रबरी नळीनं खड्यांमधला गाळ ओढून काढायचे, आणि तेवढंच पाणी, तेवढंच कोमट, तेवढंच खारट करून परत घालायचे.

गारठ्याच्या दिवसांत आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. वीज गेली की हीटरही बंद आणि हवाही. पप्पांनी हवेच्या मोटारीला जुन्या बॅटरीचा जोड दिला. टाकीच्या तीन बाजूंना गोधडी गुंडाळली, समोरची बाजू बघायला मोकळी ठेवली. वीज गेलेल्या एका दिवशी मी शाळेतून आले तर आई टाकीपाशी उभी होती. तिनं चुलीवर पाणी तापवून बाटल्यांत भरलं होतं, बुचं घट्ट लावली होती आणि बाटल्या टाकीत तरंगत ठेवत होती.

"बघती काय?" ती मला म्हणाली. "गार पडलं हुतं पानी."

काळा मासा वाचला नाही. त्याच्या कल्ल्यांतच तो आजार खोल गेला होता. पप्पांनी त्याला पुरलं आणि हात धुऊन पुन्हा खुर्चीत येऊन बसले. नारिंगी माशाच्या अंगावरचे दाणे एके दिवशी अचानक दिसेनासे झाले. पप्पांना वाटलं संपलं, आता मीठ काढून टाकू. मी म्हटलं, दाणे गेले म्हणजे ते तळाशी उतरलेत, खरी लढाई आता आहे. खरंच काही दिवसांनी दाणे पुन्हा आले, पण थोडे. पुन्हा गेले. मग आलेच नाहीत. तरी पप्पांनी ऊब आणि मीठ बरेच दिवस सोडलं नाही.

मासा वाचला होता, पण कसा. शेपटी चिंध्या होऊन झिजली होती, निम्मीच उरली होती. तो तळाशी एका कुशीवर पडून राहायचा, कल्ले तेवढे हलायचे. खाद्याच्या गोळ्या टाकल्या तर तोंड फिरवायचा. उकडलेला वाटाणा देऊन बघावा असं वाचलं होतं. हिवाळ्यात ताजा वाटाणा घरात होताच. आईनं दोन शेंगा सोलल्या, दाणे उकडले, चिमटीत दाबून सालं काढली आणि मऊ गर पप्पांच्या बोटावर ठेवला. पप्पांनी बोट हळूच पाण्यात सोडलं आणि तसंच धरून ठेवलं. कोपरापर्यंत बाही भिजली. मासा पडूनच होता. मग त्याचा वरचा डोळा जरा फिरला. तो थोडा सरळ झाला, पुन्हा कलंडला, पुन्हा सरळ झाला, आणि पप्पांच्या बोटाशी येऊन त्यानं गर ओढून घेतला.

"दात न्हाईत त्याला," पप्पा हळू आवाजात म्हणाले. "नुसतं मऊ लागलं."

मला वाटलं ते हसतायत. बघितलं तर डोळे भरलेले होते.

मासा बरा झाल्यावर आम्ही पाण्याकडे नीट बघायला लागलो. चक्राच्या शेवटी जे उरतं, ते नायट्रेट, ते तपासायच्या बाटल्याही होत्या. नळी लालभडक झाली. मासा एकच, पाणी आम्ही नियमानं बदलतो, मग इतकं कुठून? पप्पांनी सुचवलं म्हणून मी टाकीत न घातलेलं, थेट बोअरचं पाणी तपासलं. तीही नळी लाल.

पप्पा ती नळी घेऊन दारात गेले. दारातून समोर ऊस दिसतो, कालव्यापर्यंत सगळा ऊस. त्या मळ्यांतल्या कितीतरी मोटारी त्यांनी जोडलेल्या. उसाला घातलेलं खत पाण्याबरोबर जमिनीत मुरत जातं आणि खोल कुठंतरी आमच्या बोअरच्या पाण्यात मिसळतं, हे मी सांगायची गरज नव्हती. ते नळीकडे बघत होते आणि उसाकडे बघत होते.

"इतक्या खोल जातं," एवढंच ते म्हणाले.

त्या दिवसापासून घरात प्यायला शुद्ध पाण्याचा जार आला. माशालाही त्यातलंच निम्मं मिसळून मिळायला लागलं. खिडकीतल्या मनीप्लांटची एक फांदी आईनं तोडून टाकीच्या काठावर खोचली, मुळं पाण्यात, पानं बाहेर. बघता बघता मुळांचा पांढरा झुबका पाण्यात उतरला आणि वेल खिडकीच्या गजांपर्यंत चढला. त्याची पानं घरातल्या कुठल्याही झाडापेक्षा हिरवीगार होती. लाल नळी गुलाबी झाली, गुलाबीची फिकट होत गेली. माशाला जे नको होतं त्याचीच ती पानं झाली होती. बागेतल्या झाडाकडे बघताना असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

आणि शेपटी. ती परत येईल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. एका सकाळी उन्हाची तिरीप टाकीत आली तेव्हा मला दिसलं की झिजलेल्या शेपटीच्या कडेला काहीतरी पारदर्शक आहे. पप्पांना दाखवलं. त्यांनी माझं भिंग मागून घेतलं. कडेला काचेसारखा पातळ पडदा फुटत होता आणि त्यात केसांपेक्षा बारीक शिरा आधीच आखलेल्या होत्या, जुन्या शिरांच्या सरळ रेषेत, एकही चुकलेली नाही. त्या पडद्यातून पलीकडचे खडे दिसत होते. पुढच्या दिवसांत तो लांबत गेला, आणि मग मुळाकडून नारिंगी रंग त्यात उतरत आला, कापडाला रंग चढत जावा तसा.

पप्पांनी उभी हयात तारा जोडण्यात घालवली. कुठली तार कुठे जाते हे बघितल्याशिवाय ते कधी बटण दाबत नसत. ते भिंग काचेला लावून वाकून बसले होते.

"एवढ्या बारीक शिरा," ते म्हणाले. "पयल्या कुठं हुत्या हे त्याला कसं कळतं गं?"

मी विज्ञान शिकवते. पेशींबद्दल काही सांगता आलं असतं, थोडंफार मला माहीतही आहे. पण त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, भिंग माझ्या हातात दिलं, आणि मला बघता यावं म्हणून खुर्ची थोडी बाजूला सरकवली.